दादाचा नेम

पांढुर्णा, पोळ्याच्या आधीचा रविवार, १९८४

पाहुणे गेल्यापासून कोपऱ्यात वही घेऊन बसली आहे. घरात सगळ्यांना वाटते, लग्न ठरलं म्हणून लाजून राहिली.

आज नदीपलीकडून, सावरगावचे पाहुणे आले होते. मी पसंत पडली. मलाही तो आवडला. कमी बोलतो, आणि डाव्या भिवईवर जखमेचा वण आहे. पोळा झाला की साक्षगंध करायचं ठरलं. मग पोहे खाता खाता दादानं त्याला सहज विचारलं, "भिवईले काय लागलं जी?"

"गोटमारीतला गोटा. मागच्या साली तुमच्या काठावरून आला."

"मंग माहाच असन!" दादा म्हणाला, आणि दोघंही खो खो हसले. बाबासुद्धा!

मी चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, दरसालच्या रीतीनं दोन्ही गावांचे लोक आपापल्या काठावरून एकमेकांवर दगड चालवतील. इकडून दादा, तिकडून तो. पाहुणे गेल्यावर दादाला म्हटलं, "यंदा नको जाऊ ना."

आधी हसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "नदीवर नातं नसते, बाई."

तो वण डोळ्यांपुढून जात नाही. जरासा खाली लागला असता तर? डोळाच गेला असता. देवापुढे बसली, पण मागू काय, तेच कळेना. शेवटी म्हटलं, दोघांचेही नेम चुकू दे.

त्याचा नेम कसा आहे, मला ठाऊक नाही. दादाचा चुकत नाही. शाळेपासून साऱ्या मैत्रिणींना हे मीच मोठ्या तोऱ्यात सांगत आली.