सात आणि आठ

कोळवण,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादास,

आईचे गुडघे सोडले तर आम्ही दोघी बऱ्या आहोत. भाताची झोडणी झाली. बाबांच्या जीपला गिऱ्हाईक आलं होतं, आई विकायला नको म्हणाली. फोनवर तू ‘बरं’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे.

कॉलेजात प्रोजेक्ट होता. आकड्यांच्या सरकत्या कोड्याचं उत्तर शोधणारा प्रोग्राम लिहायचा आणि अंदाजाच्या दोन रीतींपैकी कुठली बरी ते दाखवायचं. पाटीत आठ चौकोन, एक घर रिकामं; सरकवत सरकवत एक ते आठ ओळीने लावायचे. एक रीत नुसते चुकीच्या जागचे चौकोन मोजते. दुसरी, प्रत्येक चौकोन आपल्या जागेपासून किती घरं लांब आहे ते बघते. दम्यामुळे मी पहिली दोन वर्षं शाळेऐवजी बाबांच्या जीपमध्ये शिकले, तेव्हा प्रवासी बसवताना ते हेच सांगायचे, “कोन किती लांब जानार ते इचार, मंग बसीव.” बाबांचीच रीत जिंकली. जिथे पहिलीने हजारो मांडण्या तपासल्या, तिथे हिने काहीशे.

मग तू काढलेल्या फोटोतली मांडणी दिली. बाबांच्या मांडीवरची ती पाटी, अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी आणायला लावलेली. दोन्ही रीती एक लाख एक्याऐंशी हजार चारशे चाळीस मांडण्या बघून थांबल्या. उत्तर नाही. मला वाटलं माझंच चुकलं. तीनदा तपासलं. मॅडम म्हणाल्या, प्रोग्राम बरोबर आहे. चौकोन उपटून भलतीकडे बसवले, तर कधीकधी कितीही सरकवले तरी जुळत नाहीत.

दादा, चौकोन मी उपटले होते. दूध सांडून पाटी चिकट झाली होती. मे महिन्यात मी चमच्याच्या दांड्याने सगळे काढून धुतले. कोडं विस्कटलेलंच असतं, म्हणून हाताला लागले तसे बसवले.

त्याआधी बाबांनी ते दोनदा सोडवलेलं आईला आठवतं. नंतर रोज सहापर्यंत जुळायचं, आणि शेवटी आठ आधी, सात नंतर. मीच म्हणायचे, “थोडंच राहिलं बाबा, परत करा.” एक दिवस त्यांनी पाटी पालथी घातली. “माजं डोकं ग्येलं, वैशे. आता मला काय इचारू नगंस.” त्यानंतर ते व्यायामाला उठले नाहीत. जुलैत गेले.

दहाव्याला तू म्हणालास, बाबांनीच हातपाय गाळले, आपल्यासाठी जगायचंच नव्हतं त्यांना. तेव्हापासून तू घरी आला नाहीस. त्या पाटीवर जेवढं जुळू शकत होतं तेवढं ते रोज जुळवत होते, दादा. त्यांच्यावरचा राग सोड. तो कुणावर धरायचा ते आता तुला कळलं आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही. सात-आठ मी उपटून बदललेले नाहीत. तू आलास की तुझ्यासमोर बदलेन, नाही आलास तर तसेच राहतील.

पाटी धुणारी तुझी,
वैशू