चेंडूला हात न लावणारा

बाबा, तुम्ही शिकवलेलं तुमचा नातू आता माझ्याच तोंडावर मारतो. तुम्ही वर जाऊन सुटलात. इथे कॉव्हेंट्रीत त्याच्या गुडघ्याला बर्फ लावत मी बसलेय.

तो अमेरिकन फुटबॉल खेळतो. युनिव्हर्सिटीत कोच म्हणाला, वजन वाढव. मला आनंदच झाला. दिवसभर शाळेच्या किचनमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना वाढायचं, घरी येऊन याला कोंबायचं. वीस स्टोनचा, म्हणजे सव्वाशे किलोचा केला मी त्याला. मग एकदा मॅच बघायला गेले. चिखलात पहिल्या रांगेत वाकून उभा, समोरच्याशी झटतोय, पडतोय, परत उठतोय, पण चेंडू काही त्याच्याकडे येत नाही. घरी विचारलं तर म्हणतो, "आम्हाला टच करायला अलाउड नाहीये, आई." झालं! डोळ्यापुढे कारखान्यातला तुमचा कप आला, सगळ्यांपासून वेगळा, खिळ्याला टांगलेला. लहानगी मी तुमचा डबा घेऊन आलेय, मुकादम वरून पाणी ओततोय नि मी ओंजळ धरलीय. तुम्ही माझे हात खाली ओढले. "पेला माग. आज मागे सरलीस तर जन्मभर मागेच राहशील." पेला काही मिळाला नाही. तहानलेलीच घरी गेले, तुमचाच राग आला होता.

पुढच्या मॅचला सरळ कोचपुढे जाऊन उभी राहिले. "व्हाय माय सन नो टच?" तो बावचळला. लेक धावत आला. "मॉम, प्लीज! आमच्या रांगेतले ते गोरे पण नाही टच करत. मधला फक्त बॉल मागे देतो, बस. आमचा जॉब म्हणजे मागच्या बॉलवाल्याला मार लागू नाही द्यायचा." शेजारचा गोरा पोरगा हेल्मेट काढून कोचला म्हणाला, बाई बरोबर बोलतात, मलाही द्या की चेंडू! सगळे हसले. मी सॉरी म्हटलं. पण मार खाणारा पुढे नि नाव मागच्याचं, हा कसला खेळ?

नंतर जर्मनीतल्या पगारी संघानं त्याला नेलं. दोन सीझन खेळला. दुसऱ्यात कोणीतरी मागून गुडघ्यावर पडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, परत खेळला तर चाळिशीआधी हातात काठी. आणि त्या संघाचं पुन्हा बोलावणं आलंय, शनिवारी विमान. मी म्हटलं, जाऊ नको. तर म्हणतो, "आजोबांचं तूच सांगते ना? मागे नाही सरायचं." अरे, ते पाण्यासाठी होतं! तो हसला, नि कठडा धरून एकेक पायरी जिना उतरला. मी ओरडते, तो मिठी मारतो, मी त्याच्या काखेत मावते.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, एवढं मला कळतं. त्याचा पासपोर्ट मी तांदळाच्या डब्यात खुपसलाय. दोन दिवस तो घर उलथतोय नि मीही त्याच्याबरोबर शोधतेय. काढून देऊ का नको? शुक्रवारपर्यंत सांगा.