साक्षीच्या भिंगाचा नंबर

अंबड, नाशिक

ती. झुंबरमामांस,

संघर्षचा सविनय जयभीम. मामींची कंबर आता वळत असेल आणि तुमचा खोकलाही थांबला असेल, असे धरून चालतो. फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो आई उचलते आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देते (तीनदा झाले). म्हणून हे पत्र हरसूलच्या जीपवाल्याकडे देतो आहे.

आई रुसून तिकडे का आली, ते तिने सांगितलेच असेल. आता माझे ऐका. साक्षीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. चार वर्षांच्या पोरीला! आई म्हणाली, "माझ्या वयाचं दुखणं नातीला कसं? मशीन तपासा आधी." मशीन बरोबर होते. ऑपरेशन करून आत भिंग बसवायचे ठरले आणि त्या भिंगाच्या नंबराने माझे डोके उठवले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, भिंग मुद्दाम कमी ताकदीचे बसवू, प्लस तीनचा नंबर राहू देऊ आणि वरून चष्मा लावू. कारण पोरीचा डोळा अजून वाढायचाय; वाढेल तसा नंबर उतरत जाईल. आजच शून्य केला, तर मोठेपणी मायनसचा जाड चष्मा लागेल. (मॅडमनी हे चार वेळा सांगितले.) त्यात शेजारचे खंडेराव येऊन सांगून गेले की, भिंग बसवल्यापासून रस्त्यावरच्या पाट्या ते चष्म्याशिवाय वाचतात. (वय एकाहत्तर. त्यांचा डोळा आता कुठे वाढणार!) झाले, घरात शून्याचा घोष सुरू! कोणी केला ते लिहीत नाही, तुम्हाला तुमची बहीण ठाऊक आहे. दवाखान्यातही तोच तमाशा. शेवटी मॅडमनी फाइल मिटली. "शून्यच हवा असेल तर दुसरा डॉक्टर बघा." मग प्लस तीनवर सही झाली.

ऑपरेशन छान झाले. पण आता चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी लावायची, नाहीतर उजवा डोळा बघायलाच शिकणार नाही. पोरगी पट्टी ओरबाडते, चष्मा भिरकावते. परवा तिचे हात धरून पट्टी चिकटवत होतो, तर आई ओरडली, "सोड तिला, बैल हाय का ती?" मीही बोललो, तुला काय कळतं यातलं. तासाभरात ती पिशवी घेऊन स्टँडवर.

मामींना जयभीम.

तुमचा भाचा,
संघर्ष

ता.क. आईला लवकर पाठवा. साक्षी पट्टी फक्त तिच्याकडूनच लावून घ्यायची. ती गेल्यापासून एकही पट्टी दहा मिनिटे टिकलेली नाही. मॅडम म्हणतात, असेच चालले तर ऑपरेशन वाया जाईल. हे पत्र तिला वाचून दाखवू नका.

आणखी ता.क. शून्यासाठी भांडलो तो मी. आईने मला दवाखान्याच्या बाकावर बसवून विचारले होते, "वाढत्या पोरीचा झगा आपण मापात शिवतो का रं?" तेव्हा कुठे मी सही केली. एवढे मात्र तिला वाचून दाखवा.