चार ऋतूंचे चार तक्ते

आई, उद्या इथं जपानात कागदाचा कचरा उचलण्याचा वार आहे. कपाट आवरताना तुझ्या कोबेच्या सहलीचे तक्ते सापडले. तुझ्या व्हिसासाठी कुठल्या दिवशी कुठं जाणार ते तारीखवार लिहून द्यावं लागायचं, म्हणून मी ऑफिसातल्यासारखे रकाने आखले होते. वसंतात साकुराचा, म्हणजे चेरीचा बहर, पण मार्चअखेर आमच्या प्रोजेक्टची डिलिव्हरी. उन्हाळ्यात बंदरावरची आतषबाजी, पण दमट हवा तुला सोसणार नाही. शरदात डोंगरावरची लाल पानं, पण तुझे गुडघे. हिवाळ्यात रोषणाई, पण थंडी. मी फोनवर विचारते, कुठला ऋतू हवा? सांगलीच्या स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देतोय, त्यावर आवाज चढवून तू म्हणतेस, "मला काय झाडं बघायला यायचंय का गं? झाडं इथं काय कमी आहेत?" मी हसते. मग तूच नमतं घेतेस, "बरं, तुझ्या सोयीनं बघ." आणि मी शहाणी तीन वर्षं सोयीनं बघत राहिले.

तेव्हा माझं काम काय होतं, ठाऊक आहे? जपानी ग्राहक बैठकीत "विचार करू" म्हणाले की तो नकार समजायचा, हे पुण्याच्या टीमला समजावणं. परक्यांच्या मनातलं ओळखण्याचा मला पगार मिळायचा. तू "नुसतं 'ये' म्हण" एवढंच सुचवत होतीस, ते मात्र कळलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तुझ्या तेराव्याला वहिनीनं पलंगाखालून बूट काढले. "ताई, तिकडं फार चालावं लागतं असं तुम्हीच म्हणाला होतात ना? आई रोज सकाळी साडीवर हे घालून गच्चीत फेऱ्या मारायच्या. कुणाला सांगू नको म्हणाल्या, लोक हसतील." मी बूट उलटे केले. टाचेकडचा तळ पार झिजला होता.

त्यालाही आता चौदा वर्षं झाली. साकुरा दर वर्षी फुलतो, मी त्याच्याखालून स्टेशनला जाते आणि मान वर करत नाही. वाईट वाटणं कमी होईल असं लोक म्हणायचे. होत नाही.

तक्ते सुतळीनं बांधले होते, पुन्हा सोडले. हे पत्र त्यांच्यातच ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. सुट्टी मिळत नाही, असं मी तुला दर वेळी सांगायचे. तू गेल्याचा फोन आला तेव्हा साहेबांनी मी तोंड उघडायच्या आत पंधरा दिवसांची सुट्टी दिली. त्याआधी मी कधी मागितलीच नव्हती.