डाव्या हाताची शर्यत

तळोदा, पौष, मंगळवार, १९३८

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

दिवाळीनंतर कापसाच्या जिनमध्ये माझ्या बाकावरच्या युसूफचा उजवा हात मनगटापासून गेला. बापाला मदत करायला गेला होता. आज पहिल्यांदाच शाळेत आला. त्याच्या आईनं सदऱ्याची ती बाही टोकाला शिवून टाकलीय. सगळा वर्ग त्या शिवलेल्या बाहीकडेच बघत होता. मीही बघितलं, खोटं कशाला लिहू?

मास्तर म्हणाले, "ज्याला लिहिता येत नाही, त्यानं बाकावर बसून काय करायचं? घरी जा."

युसूफ उठलासुद्धा. मी त्याला ओढून खाली बसवलं आणि माझा टाक डाव्या हातात घेतला.

"मग मलाही घरी पाठवा, मास्तर. तो शिकेपर्यंत मी असंच लिहिणार."

सहा छड्या बसल्या. सगळ्या उजव्या हातावर, म्हणजे लिहायला अडचण नाही! पण दोघंही उठलो नाही. शेवटी मास्तरच फळ्याकडे वळले.

वाटेत युसूफ भडकला. "मन्हावर दया करी ऱ्हायना का तू?"

"दया नई, शर्यत. आते आपू दोन्ही सारखाच कच्चा शेतस."

 मग त्यानं आमच्या ओट्यावर बसून पाटीवर डाव्या हातानं माझं नाव लिहिलं. माझ्यापेक्षा सरळ! मला राग आला. खरंच आला. तो हसत होता, दिवाळीनंतर पहिल्यांदा.

उद्या हरवतोच त्याला.