मीटर अजून तुझ्याच नावावर आहे

बाबा, विजेचं बिल अजून तुझ्याच नावावर येतं. तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी दर महिन्याला तो कागद दारात पडतो. वर तुझं नाव, खाली आकडा, आणि मी मुकाट भरतो. आपल्या आळीत निम्मी मीटरं अशीच गेलेल्या माणसांच्या नावावर चालतात. कोणी विचारत नाही आणि आपणही सांगायला जात नाही. तुझी सून पाहुण्यांना कौतुकानं सांगते, यांनी वडलांचं नाव काढू दिलं नाही बिलावरून. मी तिला कधी थांबवलं नाही. नाव का काढलं नाही हे तिला माहीत नाही, मला माहीत आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात बिल इतकं फुगलं की गच्चीवर सोलर बसवायचं ठरवलं. तुझ्या वेळी दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा होता. आता दोन एसी आहेत, पाण्याची मोटर आहे. अंदाज द्यायला आलेला माणूस साताऱ्याकडचा, माझ्याच वयाचा, पन्नाशी उलटलेला. भर दुपारी गच्चीवर चढला, टेपनं मापं घेतली, मोबाइलमध्ये बघून थंडीतली सावली कुठवर येते ते खडूनं आखलं. मग पाण्याच्या टाकीवर कागद ठेवून मला समजावत बसला. "तीन किलोवॅट म्हंजे सहा पॅनल. सगळं धरून एक लाख नव्वद हजार. सबसिडीचं अठ्ठ्याहत्तर हजार तुमच्या खात्यात येणार, म्हंजे खिशातनं एक लाख बारा. वर्षाला बिल वाचतंय अठ्ठावीस हजार. चार वर्षांत पैसा वसूल दादा, पॅनल चालतंय पंचवीस वर्षं. कंटेनरच्या गाड्यांची धूळ लय हाय तुमच्या जासईत, तेवढं आठवड्याला पुसून घ्यायचं. उन्हाला काय बिल येतंय व्हय?" मीही हसलो. मग त्यानं खडूनं गच्चीच्या दक्षिणेची बंद खोली दाखवली. "पन ही खोली आडवी येतीया. पाडली तर सहा बसतील, ठेवली तर चारच." आणि टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं, "बिल कुणाच्या नावावर हाय?"

तुझं नाव सांगितल्यावर तो म्हणाला, जो अर्ज करणार त्याच्याच नावावर मीटर पाहिजे, नाहीतर सबसिडी विसरा. आधी नाव बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, आणि बाकीच्या वारसांची सही. "भाऊबहीण हायत का कोन?" मी म्हटलं, एक बहीण आहे. "मग काय टेन्शन! बहिणी देतात की सही." त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की आडवी येणारी खोली आणि सही देणारी बहीण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

उन्हाचं तू मला लहानपणीच शिकवलं होतंस. मी दहा वर्षांचा असेन, मिठागरावर तुझा डबा घेऊन आलो होतो. ऊन असं की बांधावर पाय ठेववत नव्हता. मी आईची काळी छत्री उघडी करून बांधावर रोवली आणि तिच्याखाली बसलो. तू लांबून फावडं टाकून धावत आलास. छत्रीची सावली पाण्यावर पडली होती. "उचल ती छत्री! मीठ धरतंय तवर हितं काय उभं करायचा नाय," असं ओरडून तू छत्री उपटलीस आणि मला एक ठेवून दिलीस. संध्याकाळी घरी येताना तू मला खांद्यावर घेतलंस, तुझ्या मानेला मिठाची खरखर होती. उन्हाच्या वाटेत काही ठेवू नये, हे त्या दिवशी मी गाठीला बांधलं. म्हणून तर तू गच्चीवर नेमकी दक्षिणेला खोली काढलीस तेव्हा मला नवल वाटलं होतं.

ताईला नवऱ्यानं घरातून काढल्याचं ते वर्ष. तिच्या सासरचं घर काळोखं, भिंतींना सदा ओल, तिची छाती त्यातच गेली. तू तिला आणलंस आणि कर्ज न काढता, हळूहळू, साठवलेल्या विटांनी दहा बाय बाराची खोली बांधलीस. सिमेंट स्वतः कालवायचास. तीन भिंतींना तीन खिडक्या. मी म्हटलं होतं, बाबा, सगळ्या गच्चीचं ऊन अडवलंस. तू थापी खाली न ठेवता म्हणालास, "अडवलाय नाय, बायला दिलाय. दिसभर तिच्याच अंगावर पडू दे." तू तिला बाय म्हणायचास, आणि मला काहीच म्हणायचा नाहीस. तेव्हा मला राग आला होता, हे आज लिहायला हरकत नाही. घरात पोरगा मी आणि ऊन तिला.

खोली पुरी झाली, रंग तेवढा वाळायचा होता, आणि तू पडलास. वाशीच्या दवाखान्यात तू करदोड्याची किल्ली सोडून माझ्या हातात ठेवलीस, बोटं मिटून दिलीस. "बायला दे. खोली तिची." दुसऱ्या दिवशी सलाईनची नळी सांभाळत विचारलंस, दिलीस का रं? मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशीही विचारलंस, तेव्हाही हो. किल्ली तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होती. तुझं समाधान झालं, तू डोळे मिटलेस, आणि ते नंतर फार उघडलेच नाहीत. लोक म्हणतात, बाप शांतपणे गेला. मी ऐकून घेतो.

ताईला मी सांगितलं, धावपळीत किल्ली हरवली, कुलूप तोडायला माणूस बोलावतो. तो माणूस मी कधीच बोलावला नाही. ती महिनाभर खाली ओट्याजवळ अंथरूण टाकून झोपली, तुझ्या सुनेला ते खटकायला लागलं, आणि एक दिवस ती आपणहून बोचकं उचलून मोऱ्याच्या बंदरावर राहायला गेली. मग सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याच्या प्लॉटचे कागद आले, तेव्हा रीतीप्रमाणे तिची हक्कसोड घेतली आणि रीतीप्रमाणे साडी दिली. हिरवी, जरीच्या काठाची. आळीत सगळ्यांनी घेतली, मीही घेतली, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे ती साडी निवडायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती. मीटरचं नाव मात्र बदललं नाही, कारण त्यासाठी पुन्हा तिच्या दारात उभं राहावं लागलं असतं आणि ती पुन्हा खोलीचं विचारेल ही भीती होती. त्या भीतीला माझी बायको पितृभक्ती म्हणते.

मागच्या रविवारी गेलो शेवटी. जेट्टीच्या मागं एक खोली आहे तिची, खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीवर उघडते. सकाळी ती धक्क्यावर कोळंबी सोलते; बोटांना चिरा पडल्यात, हळद भरलेली होती. मला बघून उठली, "कवा आयलास? च्या घेशील ना?" म्हणत स्टोव्ह पेटवला. मला बसायला गोधडी घातली. मी बसलो आणि हाताखाली जरीच्या काठाची पट्टी लागली. हिरवी. तिनं ती साडी नेसली की नाही कोण जाणे, गोधडीला मात्र लावली होती. मला त्या गोधडीवरून उठावंसं वाटलं, पण उठलो नाही.

कागद काढला तर ती चष्मा शोधायलाही गेली नाही. "कती ठिकानी?" मी म्हटलं, दोन. "नाव म्हायेरचा लिवू का सासरचा?" मागच्या वेळीही तिनं हेच विचारलं होतं. मी बोट ठेवत गेलो, ती सही करत गेली. मध्येच खोकला आला, थांबली, पुन्हा केली. सोलर म्हणजे काय ते मी सांगायला लागलो, सबसिडी, चार वर्षं वगैरे, ती ऐकत होती की नव्हती ठाऊक नाही. मग एकदम म्हणाली, "वरती उनाची जागा तवरीच हाय, माजे खोलीची. ती पारनार?" मी म्हटलं, पाडायचं ठरलं नाही गं, बघू अजून. "पार बाबा. बंद खोलीत काय ठेवलाय." चहाचा कप पुढं केला आणि विचारलं, "ती किल्ली गावली का रं कंदी?"

मी म्हटलं, नाही.

परत येताना ते सहा पॅनलचं गणित डोक्यात चालूच होतं, आणि घरी येऊन मी कागदावर दुसरं मांडलं, जे आधी मांडायला हवं होतं. खोली ठेवली तर चार पॅनल, दोन किलोवॅट. एक लाख तीस हजार खर्च, साठ हजार सबसिडी, खिशातले सत्तर. वर्षाला वाचणार अठरा हजार. सत्तरला अठरानं भागलं तरी उत्तर चार वर्षंच, उलट महिनाभर आधीच. पुन्हा करून बघितलं. चूक नव्हती. म्हणजे खोली पाडायची काही गरजच नाही, बाबा. आकड्यांना ती आडवी येत नाही. जिन्यानं वर गेलं की ते कुलूप रोज दिसतं, मला तेवढंच आडवं येतं. मी त्या सातारकराला दोन किलोवॅटचा भाव विचारलासुद्धा नव्हता, त्यानं आपणहून अंदाजाच्या कागदामागं लिहून दिला होता. सहीचा कागद मात्र मी दुसऱ्याच दिवशी विजेच्या ऑफिसात देऊन आलो. पुढच्या महिन्यापासून बिल माझ्या नावावर येईल.

हे मी तुझ्या खोलीत बसून लिहितोय. तुझ्या नाही, तिच्या. आज दुपारी किल्ली काढली, कपाटात तुझ्या मृत्यूच्या दाखल्याखालीच होती. कुलपात दोन थेंब तेल घातलं आणि ते उघडलं. आत कोणी राहिलंच नाही तर पसारा कुठला असणार. तुझी थापी कोपऱ्यात आहे, सिमेंट लागून दगड झालेली. भिंतीत तू तिच्या उंचीला आरशासाठी खिळा ठोकलेला दिसला. तो एवढा खाली आहे की मला वाकून बघावं लागलं. बारा वर्षं तिन्ही खिडक्यांच्या फटींतून ऊन येत राहिलंय, फरशीचा रंग तेवढ्या पट्ट्यांत उडालाय. मी खिडक्या उघडल्या आणि सगळी खोली भरून गेली. माझ्या अंगावर ते ऊन सहन होईना. मी रडलो, पण त्याला आता काय किंमत आहे.

मी आधीच सांगून ठेवलेले पाडकामवाले सोमवारी येणार आहेत. त्यांचा नंबर समोर आहे, एक फोन केला की काम थांबतं. अजून केलेला नाही. करीन असंही तुला सांगत नाही, तुला हो म्हणून सांगायची सवय मला चांगली नाही. हे पत्रही कुठे जाणार नाही, घडी करून बिलांच्या फाइलीत ठेवणार. खरं तर हे तुला लिहायचं नव्हतंच. ज्या माणसाला लिहायला हवं ते जिवंत आहे, मोऱ्याला आहे, पत्ता मला तोंडपाठ आहे. आणि तिला लिहिलं तर ती वाचेल, म्हणूनच तुला लिहिलं.