चांदणीची चकती

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. माझी काळजी करू नकोस. काळजीचं खातं माझ्याकडेच राहू दे. इथे पाणी तपासायचं काम रोजचंच. बाटलीवर चिठ्ठी बरोबर लावली की नाही हे मी दोनदा बघते आणि खोलीवर आल्यावर पुन्हा आठवून बघते. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, की अशाने मी लवकर म्हातारी होईन.

त्याच बाईंनी परवा घरी बोलावून चुरोज खाऊ घातले. तळलेल्या लांब कांड्या, वरून कुरकुरीत, आत मऊ. खाताना बाबांची आठवण झाली. चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत लागतं त्यांना. करायला सोपे आहेत. पाण्यात मीठ आणि थोडं लोणी घालून उकळी आणायची, तेवढाच मैदा एकदम ओतून गोळा होईपर्यंत घोटायचा. कोमट झाला की सोऱ्यात भरायचा, बोटाएवढ्या कांड्या पाडून तळायच्या आणि गरम असतानाच साखर-दालचिनीत लोळवायच्या.

मात्र जपून कर. ओट्यावर पाणी सांडलेलं नको. पदर खोचून घे. कढई डगमगत नाही ना बघ. मैदा चाळून घे. सोऱ्याला चांदणीचीच चकती लाव, गोल भोकाची नको. गुळगुळीत कांडीत वाफ कोंडते आणि ती तेलात फुटते. खिडकी उघडी ठेव. नंतर गॅसचं बटण बंद केलंस का ते बघ, आणि पुन्हा एकदा बघ.

आता खरं कारण. मी निघाले त्या दिवशी बाबा शेडमधून बाहेर आले नाहीत. वेल्डिंग चालूच ठेवलं. घरात शाळेत गेलेली मी पहिली, आणि शिकून लांबच निघून गेले, हे त्यांना अजून पटलेलं नाही. तेव्हापासून त्यांचा एक शब्द नाही. महिनाअखेरीस रजा मिळू शकते, पण येऊन अबोला बघायचा असेल तर धीर होत नाही. तू चुरोज त्यांच्यापुढे ठेव आणि मी सुचवलेत म्हणून सांग. खातात की बशी सरकवतात, एवढंच कळव. त्यावर रजेचं ठरवीन.

लोभ आहे तो वाढव, आणि तेलापासून लांब उभी राहा.

तुझी,
ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आधीच सांगते, सगळे जिवंत आहेत.

बाई गं, तुझी पत्रं मी कशी वाचते ते आज सांगूनच टाकते. तूच मला अक्षरं शिकवलीस, पण अजून मी एकेका शब्दाला थांबत थांबत जाते. त्यात तुझ्या सूचना. न्हाणीघर निसरडं आहे, दाराला कडी लाव, औषधाची तारीख बघ. म्हणून ‘जपून’ हा शब्द दिसला की मी तिथून उडी मारते ती थेट ‘लोभ’वर. या वेळी ‘आता खरं कारण’ दिसलं म्हणून तिथे उतरले.

तर मैदा घोटला, सोऱ्या भरला. गोल भोकाचीच चकती लावली, कारण चांदणीची तुझ्या बापाने कधीच कुणाच्या तरी फाटकाला वायसर म्हणून ठोकली आहे. पहिल्या दोन कांड्या गुणी निघाल्या. तिसरी फटाक्यासारखी उडाली. तेल छतापर्यंत गेलं. माझ्या मनगटावर थोडं उडालं, रुपयाएवढा फोड आहे, बस.

आवाज ऐकून दादा शेडमधून धावत आला, डोक्यावर काळा मुखवटा तसाच. मला नळाखाली हात धरायला लावला आणि विचारलं, हे काय खूळ. मी म्हटलं, तुझ्या लेकीने सुचवलंय. मग त्याने पत्र आणायला लावलं आणि पहिल्यापासून वाचायला सांगितलं. सूचनांपाशी मी उडी मारायला गेले तर म्हणाला, अडखळलीस का, वाच. वाचलं. चांदणी, वाफ, सगळं. पुढचं खरं कारणही वाचावं लागलं, ठकू. मला लपवता येईना.

ऐकून घेतलं आणि परत शेडमध्ये गेला. बशीला हात लावला नाही. जे झालं ते लिहिलं.

सुखी राहा.
तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोडावर काही लावलंस का? फोडू नकोस. कापड स्वच्छ घे.

चूक माझीच. दहा फुटकळ सूचनांमध्ये एक खरी दडवली तर ती कुणाला सापडणार? बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या हौसेपायी तुझा हात भाजला, आणि बाबांनी बशीला हातही लावला नाही. म्हणजे उत्तर मिळालं. रजा मागत नाही. पुढच्या पत्रात फक्त खुशाली लिहीन, सूचना एकही नाही.

(शेगडीची रबरी नळी मात्र बदलून घे.)

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
ठकू

२२ मार्च

चि. ठकूस,
अ. उ. आ.

उत्तर बित्तर काही मिळालेलं नाही तुला. घाईने निकाल लावू नकोस.

त्या दिवसापासून शेडमध्ये कानस घासल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कुणाच्या ग्रिलचं काम असेल. काल दादाने माझ्या हातावर चकती ठेवली. स्टीलच्या पत्र्याची, मधोमध चांदणी, कडा इतक्या घासलेल्या की बोट अडत नाही. मग मला स्वयंपाकघराबाहेर बसवलं. मुखवटा, चामड्याचे हातमोजे, सगळा सरंजाम चढवून स्वतः कढईपुढे उभा राहिला. मुखवट्यातून काही दिसेना, तेव्हा कांडी लाल झाली का ते मीच दारातून ओरडून सांगत होते. एकही फुटली नाही. साखर लावायची वाटही न बघता बशी रिकामी केली.

मग तुझी मागची सगळी पत्रं वाचायला बसवलं. त्याचं म्हणणं, पोरगी कामाची आहे, नीट बघून लिहिते. मीच वगळून वाचत होते. मी निदान वगळून तरी वाचत होते, त्याने तर ऐकलीच नव्हती, हे मी तोंडावर बोलले. त्यावर म्हणाला, लिहून घे. पुढचं त्याचं आहे.

रजा आजच माग. बसगाडी दिवसाउजेडी पोचेल अशी बघ. पिशवीचा पट्टा उसवला असेल तर आधी शिवून घे. चालकाच्या मागची जागा धर. खिडकीतून कोपर बाहेर नको. दुसऱ्यांचं पाणी तपासतेस, स्वतः वाटेत कुठलंही पिऊ नकोस. गाडी पुरती थांबल्याशिवाय उठू नकोस. उतरलीस की थांब्याच्या खांबापाशी थांब, इकडेतिकडे जाऊ नकोस. मी तिथे उभा असेन.

एवढं लिहून माझं मनगट पुन्हा ठणकायला लागलंय. पण एकही सूचना वगळलेली नाही.

वाट बघते.
तुझी आत्या